बुरशीच्या आधी मुळाशी

(दृश्य: शिरोळ तालुक्यातली रोपवाटिका. शेडनेटखाली टोमॅटोचे ट्रे.)

कडेचे दोन ट्रे बघा. वरून पाइप ठिबकत होता, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) कायम चिंब राहिलं आणि रोपं आडवी पडली. एक उपटून हातात घेतलं, तर पानं अजून हिरवी आहेत, पण बुडाशी खोड दोऱ्याएवढं बारीक आणि पाणचट झालंय. हे पिथियमचं काम. वर्गवारीने ती खरी बुरशी नव्हे, पण व्यवहारात तिला बुरशीच म्हणतात. या रोपांवर आता कुठलंही जिवाणू खत ओतलं, तरी ती उठणार नाहीत.

उपयोगी जिवाणूंची ताकद आजार आल्यानंतरची नाही, येण्याआधीची आहे.

(दृश्य: प्रयोगशाळा. काचेच्या दोन बशा.)

पहिल्या बशीत मर रोगाची बुरशी, फ्युझेरियम. तिचा पांढरा कापूस बशीभर पसरला, पण बॅसिलस सबटिलिस या उपयोगी जिवाणूच्या रेघेअलीकडे थांबला. मधली मोकळी पट्टी दिसते ना, तिथपर्यंत बॅसिलसने सोडलेलं इटुरिन आणि फेंजायसिन पोचलंय. ही द्रव्यं बुरशीच्या पेशींचं आवरण फोडतात.

दुसऱ्या बशीवर अतिनील दिवा धरला, की पिवळट हिरवी चमक दिसते. हा दुसरा उपयोगी जिवाणू, स्यूडोमोनास फ्लुरोसन्स. चमकणारं रंगद्रव्य लोह पकडून ठेवतं. कृष्णाकाठच्या काळ्या, चुनखडीच्या रानात लोह असतं भरपूर, पण सामू (पीएच) आठच्या आसपास गेला की विरघळलेलं फार थोडं उरतं. तेवढंही जिवाणूंनी उचललं, तर बुरशीची उपासमार होते. शिवाय मुळावर बसलेले हे जिवाणू झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतात आणि ऑक्झिनसारखी संजीवकं (वाढीची द्रव्यं) सोडून तंतुमुळं वाढवतात. मुळाभोवतीच्या अशा जिवाणूंना 1978 मध्ये क्लोपर आणि श्रॉथ या शास्त्रज्ञांनी वाढवर्धक जिवाणू म्हणून ओळख दिली.

बशीत मात्र स्पर्धा नसते. रानातल्या चिमूटभर मातीत आधीच कोट्यवधी जीव नांदत असतात. म्हणून कोवळ्या मुळावर जागा मोकळी असतानाच आपले जिवाणू तिथं बसवायचे.

(दृश्य: बीजप्रक्रिया, मग रोपांची मुळं द्रावणात.)

बियाण्याला किलोमागे 10 ग्रॅम स्यूडोमोनास पावडर चोळून सावलीत सुकवायची. पुनर्लागणीच्या वेळी 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम पावडर कालवून रोपांची मुळं 20 ते 30 मिनिटं बुडवायची. लागण शक्यतो संध्याकाळी, वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना करा. पाणी साचलेल्या रानात पिथियमचे बीजाणू पोहत मुळापर्यंत जातात. तिथं आधी चर काढून गादीवाफे करावे लागतात, जिवाणू नंतर.

पाकीट घेताना सी.एफ.यू.चा (जिवंत जिवाणूंच्या मोजणीचा) आकडा आणि मुदतीची तारीख वाचा. 1×10⁸ म्हणजे ग्रॅमला 10 कोटी जिवंत जिवाणू, अर्थात पाकीट सावलीत राहिलं असेल तर. बॅसिलस बीजाणू धरून, म्हणजे टणक कवचात झोपून उन्हाळा काढतो. स्यूडोमोनासला ती सोय नाही. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे काढलेली पावडर ही नुसती शंखजिऱ्याची (जिवाणू ज्यात मिसळतात त्या टाल्कची) पूड समजायची.

(दृश्य: बांधावर निळा ड्रम, बाजूला गुळाची ढेप.)

कोल्हापुरात गुळाला तोटा नाही. त्यामुळे 200 लिटरच्या ड्रमात गूळ आणि जिवाणू टाकून आठवडाभर ढवळण्याची पद्धत पडली आहे. उघड्या ड्रमात कोण वाढतंय, ते आपल्या हातात नसतं. आंबूस वास आणि फेस आला, की समजायचं यीस्ट आणि आम्ल करणारे जिवाणू पुढे गेले. त्यात हायड्रॉस (रंग उजळवणारं रसायन) घातलेला पिवळाधमक गूळ असेल, तर अडचण आणखी वाढते. त्यापेक्षा पाकिटातलं थेट वापरलेलं बरं.

ठिबकमधून पावडर सोडू नका, शंखजिरं फिल्टर आणि ड्रिपर बुजवतं. द्रवरूप जिवाणू घ्या. आधी निम्मं पाणी द्या, मग जिवाणू, शेवटी दहा मिनिटं साधं पाणी. टाकीत आधी कॉपर ऑक्झिक्लोराईड किंवा दुसरं जिवाणूनाशक कालवलं असेल, तर टाकी आणि नळ्या धुवून घ्या. या औषधांनी जिवाणू मरतात. औषध आणि जिवाणू यांत आठ-दहा दिवसांचं अंतर हवं.

(दृश्य: उसाची लागण. दोन डोळ्यांची टिपरी.)

उसाचं बेणं आधी बुरशीनाशकात बुडवून निथळायचं. त्यानंतर हेक्टरी 10 किलो अॅसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू 100 लिटर पाण्यात मिसळून त्यात बेणं अर्धा तास ठेवायचं. अॅसिटोबॅक्टर उसाच्या आत राहून हवेतला नत्र बांधतो, म्हणून तो टिपरीच्या कापावर लागणं महत्त्वाचं. हा क्रम उलटा केला, तर आधी लावलेले जिवाणू औषधाच्या पाण्यात धुवून जातात.

दोन सऱ्या प्रक्रियेविना सोडा आणि खुंटी ठोकून ठेवा. दीड महिन्यानं प्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्या सरीतलं एकेक बेट खोऱ्यानं मातीसकट काढून पाण्यात धुवा, आणि शेजारी ठेवून तंतुमुळं बघा.