यो, र आणि क

(पहाट. नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या पाण्यावर धुकं.)

जानेवारी. अजून नीट उजाडलेलंही नाही आणि पेठ-सुरगाण्याकडच्या बाया कात्र्या घेऊन ओळींत शिरल्यात. ऊन चढायच्या आत वाईनच्या द्राक्षांचे क्रेट भरून वायनरीत जायला हवेत. तापलेलं द्राक्ष वाटेतच आंबायला लागतं.

(तळहातावर घड.)

मणी बारीक, साल जाड, आत बिया. बाजारातल्या थॉमसन या खायच्या द्राक्षाशेजारी ठेवला तर गिऱ्हाईक हात लावणार नाही. पण एक मणी फोडा. बोटं चिकटतात, इतकी साखर.

युरोपात वेल थंडीत झोपतो. नाशकात थंडी तेवढी कुठली? म्हणून त्याला कात्रीनंच वेळापत्रक लावून द्यायचं. एप्रिलात खरड छाटणी, नवी काडी तयार व्हावी म्हणून. पाऊस सरता सरता गोडी छाटणी, घडासाठी. मध्ये केवडा आहे, भुरी आहे, हे वेलाचे रोग, म्हणून फवारणीचा पंप आहेच. आपल्याकडे वाईन म्हटलं की लोकांना बाटली दिसते. ही दुहेरी छाटणी कोणी बघत नाही.

(वायनरीची पाटी.)

यॉर्क. नाव विलायती वाटतं, पण ते गुरनानींच्या घरातलं आहे. यो योगिताचा, र रवीचा, क कैलासचा. तिन्ही भावंडं पाटीवर. २००१ च्या धोरणात राज्यानं इथल्या द्राक्षांच्या वाईनला उत्पादन शुल्क माफ केलं, त्यानंतर या पट्ट्यात वायनऱ्या उभ्या राहिल्या. ही त्यांतलीच, घरच्यांनी उभी केलेली. वाईन करायचा कैलास, ऑस्ट्रेलियात शिकून आलेला.

(टाकीचं झाकण उघडतं.)

हा शिराझ, लाल वाईनचं काळं द्राक्ष. पांढऱ्या वाईनला नुसता रस लागतो. इथे सालीसकट सगळं टाकीत. यीस्टनं काम सुरू केलं की साली वर येतात आणि त्यांचा जाड थर धरतो. तो वाळू द्यायचा नाही. दिवसातून दोन-तीनदा खालचा रस पंपानं ओढून वर सोडायचा, कारण रंग सालीत आहे. रसाची धार थरावर पडते, भोक पाडते, कडेनं जांभळा फेस येतो.

जरा गप्प राहून ऐका.

(फक्त टाकीचा आवाज.)

२०२१ मध्ये शेजारच्या सुला वायनरीनं यॉर्क विकत घेतली. पाटी तीच ठेवली.

(संध्याकाळ. धुतलेले क्रेट उपडे घातलेले. मागे धरण.)

उद्या पहाटे पुढची ओळ.