पदराच्या गाठीतली साखर

नमस्कार श्रोतेहो. दिवाळी सरली, वावरात कापूस फुटलाय आणि वेचणीला माणसं मिळेनात. अशा घाईत रेडिओजवळ बसा म्हणायला जीव होत नाही. बसू नका. रेडिओ धुऱ्यावर ठेवा आणि वेचता वेचता ऐका.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. आज १४ नोव्हेंबर, जागतिक मधुमेह दिन. आपल्याकडे मधुमेह कोणी म्हणत नाही, शुगर म्हणतात. आणि मी पाहते ते असं, की लोक शुगरला जेवढे भीत नाहीत तेवढे गोळीला भितात.

"एकडाव गोळी लागली का मंग सुटत नाही बाई." हे मी रोज ऐकते. बहुतेकांना गोळी वर्षानुवर्षं घ्यावी लागते, हे खरं आहे. पण आजार अंगात राहतो म्हणून ती घ्यावी लागते, गोळीची सवय जडते म्हणून नाही. डोळ्याला चष्मा लागतो तो काय चष्म्यामुळे? दुसरी भीती किडनीची. किडनी बिघडते ती वाढलेल्या शुगरने. किडनी आधीच अधू असेल तर डॉक्टर गोळी बदलतात, मात्रा कमी करतात, म्हणून तर वर्षातून एकदा रक्त आणि लघवी तपासायची.

माझ्या घरातलंच सांगते. बाबांना शुगर निघाली ती मोतीबिंदूच्या तपासणीत. त्याआधी कित्येक वर्षं ती अंगात असणार. वर्षभर त्यांनी गोळ्या नीट घेतल्या, पहाटे पांदणीने फिरून आले, चहातली साखर तोडली. मग रिपोर्ट आला, उपाशीपोटी १०८. घरात आनंद झाला. "आता काहून घेऊ गोळ्या? शुगर तं नारमल आली ना," बाबा म्हणाले. मी तेव्हा शिकत होते, मलाही ते पटलं. याची खंत अजून आहे. शुगर उतरली होती ती गोळी आणि फिरणं, दोन्हींच्या जोरावर. त्यातला एक टेकू आम्ही हातानं काढून घेतला.

आठ महिने कारल्याचा रस चालला. तहान वाढली ती उन्हाच्या नावावर गेली, रात्री चारदा उठणं वयाच्या. एक दिवस आईला ओसरीच्या फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. ठिपक्यांमागे ती गेली, तर ते बाबांच्या खाटेपाशी थांबलेले. बाभळीचा काटा, चपलेतून आरपार तळव्यात रुतलेला, आणि बाबांना पत्ता नाही. त्याच पायाने ते वावरात जाऊन आले होते. शुगर फार दिवस चढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, दुखणं कळतच नाही. जखम चिघळली आणि अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं.

कारलं खाऊ नका असं मी म्हणत नाही. कारलं, मेथी, अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, सगळं चांगलं आहे. ते ताटात असू द्या, गोळीच्या जागी नको.

आता दुसऱ्या बाजूचे लोक. गोळी वेळेवर घेतात आणि पारावर बसून दिवसाला सहा कप चहा पितात. कपाला दोन चमचे धरले तरी बारा चमचे साखर, साठेक ग्रॅम. गुळाचा चहा केला तरी शुगर वाढतेच. "दिवसभर वावरात राबतो, मले कायचं चालाले सांगता?" हेही ऐकते. राबता ते खरं आहे काका, पण पराटी उपटून झाली की पुढचे कितीतरी दिवस तुम्ही पारावरच असता आणि भाकरी मात्र वेचणीतल्या इतक्याच खाता. हा शहरवाल्यांचा आजार, हा समजही सोडा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मदतीने झालेला देशव्यापी अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात शुगरच्या उंबरठ्यावर असलेली माणसं खेड्यात आणि शहरात जवळपास सारखीच निघाली, १५ टक्क्यांच्या घरात. उंबरठ्यावर असताना चालण्याचा आणि खाण्यावर लक्ष ठेवण्याचा फार उपयोग होतो. ज्यांचा आजार नवा आहे आणि वजन जास्त आहे, त्यांचं वजन चांगलं उतरलं तर काहींच्या गोळ्या कमीही होतात, बंदही होतात. फक्त ते रक्त तपासून डॉक्टरांनी ठरवायचं.

वेचणीला जाणाऱ्या बायांनो, आता जरा हात थांबवून ऐका. पहाटे कोऱ्या चहावर गोळी घ्यायची, सकाळभर वेचायचं आणि भाकर सोडायची बारा वाजता, असं तुमच्यातल्या कितीतरी जणी करतात. काही गोळ्यांनी अशा वेळी शुगर एकदम खाली जाते. हातपाय कापतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. लोक म्हणतात ऊन लागलं, आणि सावलीत निजवून ठेवतात. निजवू नका. तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजा, पंधरा मिनिटांत उतार पडला नाही तर पुन्हा पाजा, मग भाकर द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. आमच्या गावची एक मावशी साखरेची पुडी पदराच्या गाठीत बांधूनच घराबाहेर पडते. गेल्या वर्षी त्या पुडीने शेजारच्या ओळीतली बाई उठून बसली. तुमची जेवायची वेळ कोणती, हे डॉक्टरांना सांगा. गोळी त्या वेळेला बसवून देता येते.

आणि इन्सुलिन. "म्हणजे आता संपलंच ना?" असं विचारताना माणसाचा चेहरा उतरतो. काही संपत नाही. शरीर स्वतः पुरेसं इन्सुलिन करत नाही, ते बाहेरून द्यायचं, एवढंच. १९२२ साली टोरंटोत पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या मुलाला ते दिलं गेलं, आणि जो आजार लेकरांना हमखास नेत होता त्यातून तो आणखी तेरा वर्षं जगला. फ्रिज नाही म्हणून नाही म्हणू नका. एक मोठं मडकं, त्यात ओली रेती, रेतीत छोटं मडकं, त्यात पिशवीत घट्ट बांधलेली चालू बाटली, वर ओलं फडकं. रेती सुकू द्यायची नाही. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हाही आतली बाटली बाहेरच्यापेक्षा पुष्कळ गार राहते. बाटली उघडल्याची तारीख तेवढी लिहून ठेवा.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची शुगर आयुष्मान आरोग्य मंदिरात फुकट तपासतात. येताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणा, बंद केलेलीही. मी रागावणार नाही.

बाबा आता गोळी घेतात. रोज रात्री पाय धुतात, आणि आई बॅटरीच्या उजेडात त्यांचे तळवे पाहते, बोटांच्या बेचक्यासुद्धा. काल फोनवर तिने सांगितलं, काही नाही, पाय साफ आहेत.