आधी तिथी, मग तंबू

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या स्वयंपाकघरात एक पितळी झाकण आहे. नुसतं झाकण. त्याचं पातेलं दिवेआगरच्या समुद्रात गेलं, त्याला आता काही वर्षं झाली. ते कसं गेलं हे आधी सांगते, कारण समुद्रकिनाऱ्यावर तंबू ठोकून राहायचं असेल तर काय तयारी करावी, हे मी त्या पातेल्यापायीच शिकले.

कोजागिरी होती. माझ्या धाकट्या दिरांच्या डोक्यात आलं की दरवर्षी दूध गच्चीवरच काय आटवायचं, यंदा समुद्रावर आटवू. दीर कॉम्प्युटरवाले. त्यांनी यादी केली. सहलीची यादी न करणाऱ्या पुणेकराला ताम्हिणी घाट ओलांडू देत नसावेत, अशी मला शंका आहे. यादीत ६४ वस्तू होत्या. प्रत्येकीपुढे ती कुठल्या पिशवीत आहे आणि कोणाच्या ताब्यात आहे, हेसुद्धा. जायफळ किसायची किसणी होती. ती हरवली तर म्हणून दुसरी किसणी होती. भरतीची वेळ तेवढी नव्हती.

संध्याकाळी साडेपाचला पोचलो. समुद्र इतका लांब गेलेला की लाटांचा आवाजही दबका येत होता. समोर सपाट, घट्ट, ओलसर वाळू, जशी काही आमच्यासाठीच सारवून ठेवलेली. तंबू सात मिनिटांत उभा राहिला. "वहिनी, थेट समुद्रासमोर! याचे लोक किती पैसे घेतात माहितीये?" दीर खूश. तेवढ्यात खांद्यावर जाळं टाकून एक म्हातारे कोळी चालले होते, ते थांबले.

"आज पुनव ना?"

"हो काका, म्हणून तर आलो."

"मग तंबू वर घ्या. त्या वेलाच्या वर."

"काका, पाणी केवढं लांब आहे."

"आत्ता आहे," असं म्हणून ते निघून गेले.

नऊ वाजता दूध उकळायला ठेवलं. दहाच्या आत पहिली लाट सतरंजीच्या टोकाला लागली. आम्ही हसलो. दुसरी लाट तंबूत शिरली. मग कोणी मुलांना उचललं, कोणी गाद्या, दिरांनी पातेलं शेगडीवरून उतरवून वाळूत ठेवलं, आणि पुढच्या लाटेनं ते आडवं करून केशर घातलेल्या तीन लिटर दुधासकट ओढून नेलं. चांदणं पिठासारखं पडलेलं, तरी ते कुठे गेलं दिसलं नाही. झाकण माझ्या हातात होतं. ती रात्र आम्ही गावातल्या एका घराच्या ओटीवर काढली. सकाळी सहाला समुद्र पुन्हा तसाच लांब, साळसूद.

आता यातलं गणित. कागद-पेन्सिल लागणार नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. चतुर्थीला तीन. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. कृष्णपक्षात पुन्हा एकापासून मोजायचं, अमावास्येला पुन्हा पंधरा. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. हा कोकणपट्टीचा जुना हिशेब आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून नेमकी वेळ मोबाईलवर किंवा गावात विचारून पक्की करा. पण पुण्यात बसून बेत ठरवायला हा हिशेब पुरतो.

त्यातून कळतं ते असं. पौर्णिमेला संध्याकाळी, म्हणजे आपण पुणेकर पोचतो नेमके त्या वेळी, समुद्र सगळ्यात दूर असतो, आणि आपण झोपतो त्या वेळी सगळ्यात जवळ. त्यात पौर्णिमा-अमावास्येची भरती उधाणाची. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते. मुंबईला उधाणाच्या दिवसांत भरती चार मीटरच्या वर जाते. अष्टमीच्या आसपास ही ओढ काटकोनात येते, पाणी कमी चढतं, कमी उतरतं. त्याला भांगाची भरती म्हणतात. शिवाय पाणी सहा तास सारख्या वेगानं चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम, मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं. सहाला ओहोटी संपली तर आठ ते दहा हा सगळ्यात जोराचा काळ. आमचं दूध उकळायचा.

सपाट किनाऱ्यावर हे फार फसवं असतं. चाळीस पावलांत एक पाऊल उतार असेल तर पाणी एक मीटर वर चढलं की चाळीस मीटर आत येतं. हे आकडे मी दिरांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, हा कॉलम राहिला." तेव्हापासून आमच्या यादीत पहिली ओळ तिथीची असते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी अष्टमीच्या आगेमागे जावं असं माझं मत आहे. पोचाल तेव्हा समुद्र जवळ दिसेल आणि झोपाल तेव्हा मागे गेलेला असेल. पहाटे तो पुन्हा येतो, पण जिथवर आलेला तुम्ही संध्याकाळी पाहिलाय, साधारण तिथवरच.

आणि तो वेल. काकांनी दाखवला त्याचं नाव मर्यादवेल. वाळूवर सरपटत जातो, पानं टोकाशी दुभंगलेली, जांभळी फुलं. नाव किती नेमकं आहे पाहा. समुद्राची रोजची मर्यादा जिथे संपते तिथे हा सुरू होतो. तंबू त्याच्या जमिनीकडच्या बाजूला लावायचा, त्याच्यावर नाही, कारण वाळू धरून ठेवायचं काम तोच करतो. वेल नसेल तर काटक्या, करवंट्या, वाळलेलं शेवाळ यांची रेघ शोधा. अशा बऱ्याचदा दोन रेघा असतात. खालची कालची, वरची गेल्या उधाणाची. वरची धरायची. त्याच भागात रावणाच्या मिशा नावाचं टोकदार गवत असतं, तंबूच्या बुडाला भोकं पाडतं, तेवढं टाळा. सुरूच्या बनात सावली छान मिळते, पण वर वाळलेली फांदी लटकलेली नाही ना हे मान वर करून बघा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात धडकलं, तेव्हा सुरू आणि सुपारीची किती झाडं आडवी झाली ते तिथल्या माणसांना विचारा.

आपल्याकडे घरोघरी ट्रेकचे तंबू असतात. राजमाचीला चालला म्हणजे समुद्रावर चालेल असं वाटतं. तंबू चालतो, खुंट्या चालत नाहीत. मुरमाड जमिनीत घट्ट बसणारी वीतभर खुंटी कोरड्या वाळूतून लोण्यातल्या सुरीसारखी बाहेर येते. त्यावर उपाय स्वस्त आहे. सहा-आठ कापडी पिशव्या न्या, पिठाच्या गिरणीच्या असतात तशा. त्या वाळूनं भरायच्या, तोंडाला दोरी बांधायची आणि हातभर खोल पुरायच्या. तंबूचा ताण त्या दोरीला द्यायचा. येताना पिशव्या रिकाम्या करून घडी घालायच्या. दोरी, ताडपत्री, हे सगळं बोहरी आळीत एका फेरीत मिळतं. फक्त गाडी तिथे नेऊ नका, ते मी आणखी काय सांगायचं.

वाऱ्याचं शाळेत शिकलेलं आठवा. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून वारा समुद्राकडून येतो, तो खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते, वारा उलटा वाहतो, तो मतलई वारा. भूगोलाच्या पेपरात दोन मार्कांना यायचं ते तंबूत निजताना खरं कळतं. संध्याकाळी दार समुद्राकडे ठेवलं तर वाळू थेट अंथरुणात येते. दार बाजूला ठेवा आणि दोन्हीकडच्या जाळीच्या खिडक्या उघड्या राहू द्या. डिसेंबर-जानेवारीत दव इतकं पडतं की खिडक्या बंद करून झोपलात तर पहाटे तंबू आतूनच ठिबकतो. तो पाऊस नसतो, आपलाच श्वास असतो.

जायचं केव्हा? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आमची कोजागिरी म्हणजे ऑक्टोबरचा घाम होता, तोही धडाच. पावसाळ्यात अजिबात नाही. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. समुद्रावर पोट असलेला माणूस ज्या दिवसांत होडी वाळूवर ओढून ठेवतो, त्या दिवसांत आपण हौशी माणसांनी तिथे काय करायचं? हवामानाचा अंदाज बघा हे आपल्याला सांगायला नको, हवामान खात्याचं जुनं ऑफिस आपल्याच शहरात आहे. शिवाजीनगरचं सिमला ऑफिस, १९२८ साली सिमल्याहून हवामान खात्याचं मुख्यालय आलं तेव्हापासून त्या चौकाला हे नाव चिकटलं. पण वाऱ्यापावसाबरोबर लाटांचाही इशारा बघत जा. तो हैदराबादची इन्कॉइस ही संस्था देते. आभाळ निरभ्र असतानासुद्धा लांबच्या वादळाच्या उंच लाटा किनाऱ्यावर येतात.

पाण्याचं. माणशी दिवसाला चार-पाच लिटर पिण्याचं आणि स्वयंपाकाचं धरा. पाय धुवायला, भांडी विसळायला वेगळं. घाटातून गाडीभर पाणी वाहून नेण्यापेक्षा गावात एखाद्या घरगुती जेवण देणाऱ्यांकडे एक वेळचं जेवण सांगा, त्यांची विहीर आणि संडास वापरायचे का ते मोकळेपणानं विचारा आणि त्याचे पैसे द्या. संडासाचा प्रश्न यादीत कोणी लिहीत नाही आणि पहाटे पाचला तोच सगळ्यात मोठा असतो, विशेषतः आम्हा बायकांना. तंबू लावण्याआधी ग्रामपंचायतीत विचारायचं, हेही त्याच ओघात. किनारा मोकळा दिसतो म्हणून तो बिनमालकाचा नसतो.

वेळास, आंजर्ले या भागात जाणार असाल तर एक गोष्ट जास्त. हिवाळ्यात तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावाला सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. मादी रात्री येते आणि उजेड दिसला तर तशीच परत फिरते. पिल्लं साधारण ४५ ते ६० दिवसांनी बाहेर पडतात आणि उजळ दिसेल तिकडे धावतात. तिथे शेकोटी, प्रखर दिवे, गाणी यातलं काहीही नको. तंबू गावात लावा.

इतरत्र शेकोटी केलीत तरी ती वाळूनं झाकू नका. वरून थंड दिसते, आत निखारे तासन्‌तास धगधगत राहतात आणि सकाळी कोणाचं तरी पोर अनवाणी धावतं. पाणी ओतून विझवा. स्वयंपाकाला छोटी गॅसशेगडी आणि तिच्याभोवती आडोसा. खरं तर पहिल्या रात्री स्वयंपाक करूच नये. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट. ज्याला मासे हवेत त्यांनी गावात खावे, वाळूत साफ करत बसू नये.

पोहण्याबद्दल थोडक्यात बोलणार आहे, पण ऐका. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याच्या कॉलेजच्या सहलीतली १४ मुलंमुली बुडाली. आपल्याच शहरातली. ओहोटी लागलेली असताना पाण्यात उतरायचं नाही, अंधार पडल्यावर नाही, जेवणानंतर नाही, आणि त्या किनाऱ्यावरची माणसं नको म्हणाली तर कारण विचारत बसायचं नाही. ११२ आणि तटरक्षक दलाचा १५५४, हे दोन नंबर घाट सुरू होण्याआधी मोबाईलमध्ये घालून ठेवा.

रस्ता पुणेकरांना मी काय सांगणार. पौड, मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, तिथून म्हसळा, बोर्ली पंचतन, दिवेआगर. पिरंगुटलाच टाकी भरा, घाटात रेंजही धड नसते. चांदणी चौकातून सकाळी सहाला बाहेर पडलात तर दुपारपर्यंत निवांत पोचता, उजेडात जागा निवडता येते. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून थेट निघणाऱ्यांना माझा नमस्कार. ते तंबू मोबाईलच्या उजेडात लावतात आणि बहुधा ओल्या वाळूवर. आणि गाडी वाळूत न्यायची नाही. रुतते, आणि भरती तिच्यासाठी थांबत नाही.

आल्यावर तंबू तसाच पिशवीत कोंबून माळ्यावर टाकू नका. चेनीत खारी वाळू राहिली तर पुढच्या वेळी ती अडते, नळ्या गंजतात. गोड्या पाण्याच्या दोन बादल्या, जुना टूथब्रश, आणि गच्चीवर दिवसभर ऊन. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर त्या दिवशी इतकी वाळू पडली की वॉचमननं विचारलं, बांधकाम कुठे काढलंय.

आम्ही त्यानंतर तीनदा जाऊन आलो, दरवेळी अष्टमी धरून. काका एकदा भेटले. त्यांनी ओळखलं. "पातेलं मिळालं का?" म्हणाले. नाही म्हटलं. "नवं घेतलंत?" घेतलं होतं, स्टीलचं. जुनं झाकण त्याच्यावर बसत नाही, पण दीर ते टाकू देत नाहीत. कॅलेंडरच्या खालच्या खिळ्याला टांगून ठेवलंय.

नमस्कार.