खड्डा बघा, मग कुत्र्याला बोला

नमस्कार मंडळी. मागचे जरा पुढं या, फॅनचा आवाज लई आहे आणि माझा आवाज आता तितका चढत नाही.

मी तीसेक वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काम केलं, सगळं लातूर-धाराशिव भागातच. आधी बैल, म्हशी, शेळ्याच यायच्या, पण शेवटच्या वर्षांत कॉलनीतली माणसं कुत्री घेऊन यायला लागली आणि त्यातली निम्मी तरी एकच सांगायची, साहेब, सगळी बाग उकरून ठेवलीय, गोळी-बिळी काही आहे का. गोळी नाही. मी त्यांना पहिला प्रश्न विचारायचो की खड्डा कुठं आहे, किती वाजता उकरलाय आणि दिसतो कसा. कुणालाच सांगता यायचं नाही, कारण खड्डा कुणी बघितलेलाच नसायचा, मोडलेली शेवंती तेवढी बघितलेली.

माझ्याच घरचं सांगतो. आमच्याकडं एक कारवानी कुत्री होती, बिजली. 2016 चा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं. त्या वर्षी आमची बाग म्हणजे एकच वाफा उरला होता, भांडी घासलेलं पाणी जायचं तिथला, मोगरा, अळू आणि जरासा गवती चहा. बाकी सगळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. आणि बिजली रोज दुपारी जाऊन तोच वाफा उकरायची. मी काय केलं, तर काठी घेतली. चांगली मारली दोन-तीनदा, ते मला अजून बोचतं, कारण उकरणं काही थांबलं नाही, ती फक्त मी नसताना उकरायला लागली आणि मी नुसता पाण्याचा पाईप जरी हातात घेतला तरी पोट जमिनीला लावून सरकायची.

मग एकदा सुट्टीच्या दिवशी मी खिडकीत बसून बघितलं. साडेअकराला ती आली, वीतभर उकरलं, ओली माती वर आली तशी त्यात पोट टेकवून पसरली आणि पाचपर्यंत हलली नाही. खड्डा बरोबर तिच्या अंगाएवढा, बशीसारखा उथळ. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजाच्या गाद्यांना येतो तेवढाच, बाकी सगळं धापा टाकून भागवायचं, आणि बाहेर 42 डिग्री असताना नुसत्या धापांनी काय होणार? त्याच्या अंगाचं तापमानच मुळात 101 ते 102.5 फॅरनहाइट. आख्ख्या गल्लीत ओली गार माती तेवढीच होती आणि तिनं ती शोधून काढली. ह्याच्यासाठी मी तिला मारलं होतं.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आलोय, आधी खड्डा बघा. सावलीत किंवा ओल्या जागी अंगाएवढा उथळ खड्डा असेल तर ते ऊन आहे. भिंतीच्या कडंनं किंवा वाफ्यातनं सरळ रेघेत उकरत गेलंय, मधी मधी थांबून नाक खुपसलंय, तर खाली घूस नाहीतर उंदीर आहे, कुत्रं तिच्या बिळामागं चाललंय. तिथं कुत्र्याला रागवून काय उपयोग, घुशीचा बंदोबस्त करा, पण पिंजऱ्यानं. झिंक फॉस्फाईडसारखं औषध टाकाल तर औषध खाल्लेला उंदीर कुत्रं खाईल आणि मग रात्री दोन वाजता डॉक्टर शोधत फिरावं लागेल. कंपाउंडच्या खालनं उकरायलंय म्हणजे बाहेर जायचंय, बहुतेक वेळा माजावर आलेल्या कुत्रीचा वास असतो, आपल्या कुत्र्याचं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या आणि कंपाउंडच्या बुडाला जाळी फूटभर मातीत गाडा. गाभण कुत्री शेवटच्या दिवसांत कोपऱ्यात उकरते, तिला एक खोका आणि जुनी गोधडी द्या, ती आपोआप तिथं जाईल.

आणि जे कुत्रं सगळीकडंच उकरतं, इथं तिथं, कुंड्यासुद्धा पाडतं, ते बहुतेक दिवसभर साखळीला असतं. वर्ष-दीड वर्षाचं जवान कुत्रं 20 तास बांधून ठेवायचं आणि संध्याकाळी सोडल्यावर त्यानं शांत बसावं म्हणायचं, असं होत नसतं ओ. सकाळी सातच्या आत, डांबर तापायच्या आधी, चांगलं तासभर फिरवून आणा.

मारण्याबद्दल अजून एक. लोक म्हणतात त्याला कळतंय की, बघा कसं तोंड पाडतंय. 2009 मध्ये अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधक बाईंनी 14 कुत्र्यांवर हे तपासलं, तर ते पडलेलं तोंड कुत्र्यानं चूक केली होती की नव्हती यावर ठरत नव्हतं, मालक रागावला की ते तसं दिसायचं. म्हणजे ते तुमच्या रागाला घाबरलेलं असतं. सकाळच्या खड्ड्यासाठी संध्याकाळी दिलेला मार त्याला कशाशीच जोडता येत नाही.

आता मी बिजलीसाठी काय केलं ते सांगतो, कारण ते खरंच उपयोगी पडलं. लिंबाच्या सावलीत चार बाय तीन फुटाचा, दीड फूट खोल खड्डा आम्हीच खांदला. त्यात आपली काळी माती घातली तर ती ओली असताना चिकटते आणि वाळली की दगड होते, म्हणून वाळू आणि मुरूम मिसळून भरला, कडंनं विटा लावल्या. सकाळी एक बादली वापरलेलं पाणी त्यात टाकायचं, साबणाचं नाही, भाज्या-तांदूळ धुतलेलं. पहिले आठ दिवस मी त्यात भाकरीचे तुकडे आणि तिचा चेंडू पुरून ठेवायचो आणि तिच्यासमोर स्वतः हातानं जरा उकरायचो, ती आली की शाबासकी. वाफ्यावर तेवढ्या दिवसांसाठी कोंबडीची जाळी आडवी अंथरली, वरनं माती, पंजाला तार लागली की कुत्रं स्वतःहून सोडतं, फक्त तारेची टोकं खाली वळवायची. मोगऱ्याच्या बुडाला शहाबादीचे तुकडे लावले. दोन-तीन आठवड्यांत तिनं वाफा सोडला.

मिरचीपूड टाकू नका, हात जोडून सांगतो. कुत्र्याचं नाक ते केवढं तिखट, मी डोळे सुजलेली कुत्री बघितलीत. डांबरगोळ्या तर विषारीच.

मघाशी ताईंनी विचारलं की आमचं कुत्रं नाहीच, गल्लीतली येऊन उकरतात. ताई, तीही दुपारीच येत असतील, ओल्या वाफ्यात. गेटच्या बाहेर सावलीत एक पाण्याची कुंडी आणि भिजवलेलं पोतं ठेवून बघा.

आणि एक राहिलं, ते सगळ्यात महत्त्वाचं. गुलाबाला काय घालता तुम्ही? एकदा एक जण कुत्रं घेऊन आले, उलट्या, रक्ताची हगवण. आदल्या दिवशी गुलाबाला एरंडीची पेंड घातली होती, वासानं कुत्र्यानं उकरली आणि खाल्ली. एरंडीच्या बियांत रिसिन नावाचं विष असतं, तेल काढलं तरी ते पेंडीत राहतं, नीट तापवून घालवलेलं नसेल तर. तिसऱ्या दिवशी ते कुत्रं गेलं. त्या घरातलं पोरगं दवाखान्याच्या पायरीवर बसून होतं, मला त्याच्याकडं बघवलं नाही. हाडाचं खत, माशाचं खत यांच्या वासानंही कुत्री उकरतात, पण एरंडी जीव घेते. ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांनी पेंड म्हणून निंबोळीच घ्यावी आणि तीही मातीत नीट मिसळून. घरी गेल्यावर आज पोत्यावरचं नाव वाचा, सुटी घेतली असेल तर दुकानदाराला विचारा, आणि कळलं नाही तर थोडी पिशवीत घालून माझ्याकडं आणा, मी उद्या सकाळी दहापर्यंत इथंच आहे.