तळं क्रमांक २६०

हा फॅटहेड मिनो. बोटाएवढा मासा. विणीच्या दिवसांत नराचं डोकं काळवंडतं, नाकाडावर बारीक पुटकुळ्या येतात. बुडालेल्या ओंडक्याच्या खालच्या अंगाला मादी अंडी चिकटवून निघून जाते. राखण बसतो तो बाप.

कॅनडात, ओंटारियोच्या वायव्येकडच्या जंगलात, १९६८पासून संशोधनासाठी राखलेली तळी आहेत. बहुतेकांना नुसते क्रमांक. २००१च्या उन्हाळ्यात संशोधक कॅरन किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २६० नंबरच्या तळ्यात गर्भनिरोधक गोळीतलं कृत्रिम इस्ट्रोजेन सोडायला सुरुवात केली. लिटरमागे जेमतेम ५ ते ६ नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. हे स्त्री-संप्रेरक लघवीवाटे गटारात येतं आणि शुद्धीकरण केंद्रातही पुरतं निघत नाही.

विद्यार्थिदशेत किड यांनी कॅनडाच्या वायव्य टोकाला, युकॉनमधल्या लबार्ज तळ्यातल्या माशांत टॉक्साफीन शोधलं होतं. दूर दक्षिणेत कापसावर फवारलेलं हे कीटकनाशक वाऱ्यावरून तिथवर गेलं होतं. आता प्रश्न अधिक अवघड होता. ब्रिटनच्या नद्यांत, सांडपाणी मिसळतं तिथं, नर माशांत मादीची लक्षणं दिसली होती. पण त्यानं माशांचा वंश बुडतो का? काचेच्या टाकीत याचं उत्तर मिळत नाही. त्याला अख्खं तळं लागतं, तुलनेला औषध न घातलेली तळी लागतात, आणि वर्षानुवर्षं जाळी लावून मासे मोजणारी माणसं लागतात. ही मोजणी मला या साऱ्या कामातली सर्वांत थोर गोष्ट वाटते.

पहिल्याच उन्हाळ्यात नरांच्या अंगात अंड्याच्या बलकाचं प्रथिन हजारो पटींनी वाढलं. पुढे काहींच्या वृषणांत चक्क अंडी सापडली. मग जाळ्यात पिल्लं येईनाशी झाली. मिनोचं आयुष्यच मोजक्या वर्षांचं. दोन विणी वाया गेल्या की मागे राहणार कोण? तळ्यातले मिनो जवळजवळ संपले. त्यांना खाऊन जगणारे लेक ट्राउटही पुढे घटले.

२००७मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इस्ट्रोजेन सोडणं २००३मध्येच थांबलं होतं, मोजणी मात्र थांबली नाही. दर हंगामात जाळी लागत राहिली, उचलली जात राहिली. आणि काही वर्षांनी त्यांत पुन्हा मिनोची पिल्लं दिसू लागली.