आधी घरच्यांनी जावं

नमस्कार श्रोतेहो. आधी एक नंबर लिहून घ्या: 14446. एक, चार, चार, चार, सहा. केंद्र सरकारची नशामुक्ती हेल्पलाइन, फोन फुकट. जवळचं व्यसनमुक्ती केंद्र कुठलं, हे तिथे विचारा. पिणारा तयार नसेल तरी घरच्यांनी फोन करावा.

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींचं सांगतो. नवरा टेम्पो चालवायचा, रोज पिऊन यायचा. एसटी स्टँडच्या भिंतीवर वहिनींनी वाचलं, ‘न सांगता दारू सोडवा’. पुडी आणली, आमटीत कालवली. तो जेवला आणि पुन्हा पिऊन आला. चेहरा लालभडक, छातीत धडधड, उलट्या थांबेनात. रिक्षातून नेलं तेव्हा मी सोबत होतो. डॉक्टरांनी विचारलं, काय दिलंत? वहिनींनी पदराच्या गाठीतून रिकामी पुडी काढली. तिच्यावर औषधाचं नावही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, “ताई, दारू सोडवायची औषधं असतात, पण घेणाऱ्याला ठाऊक हवीत. वरून दारू प्यायला तर जिवावर बेततं.”

तो वाचला, पुन्हा प्यायलाही लागला. मग वहिनी एकट्याच अल-अनॉनच्या मीटिंगला जाऊ लागल्या. हा पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट, तिथे एकमेकांना अनुभव सांगतात. पिणाऱ्यांसाठी तसाच गट म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस. वहिनींनी दोन गोष्टी बंद केल्या: मालकाला ‘यांना ताप आहे’ असं खोटं सांगणं आणि गुत्त्याची उधारी फेडणं. पावसाळा सरता सरता नवऱ्यानेच विचारलं, “मला कुठं नेशील?”

कुठं न्यायचं? पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीतून सुरू केलेलं. ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरीला सरकारी मनोरुग्णालयं आहेत. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरी एकदम तोडू नका. पुन्हा सांगतो, एकदम तोडू नका. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात. आधी डॉक्टरांना दाखवा.

केंद्रात गेलात की नोंदणी दाखवायला सांगा. डॉक्टर कधी येतात, घरच्यांना कधी भेटू देतात, तेही विचारा. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळदंडाने बांधायला बंदी आहे. कुठे बांधलेलं दिसलं, तर आपला माणूस तिथे ठेवू नका.