दोन डोक्यांचं बाळ आणि दोन आठवड्यांचे गेम

[गेममधलं दृश्य: रात्रीची गल्ली, दारांपुढे कोरलेले भोपळे]

अंगात पुठ्ठ्याचं खोकं, पायात चाकांचे बूट. हॅलोविनची रात्र आहे आणि हे पोर दारोदार खाऊ मागत फिरतंय. बहुतेक दारं उघडली की खाऊ मिळतो. या दारातून राक्षस बाहेर आलाय.

[लढाई सुरू. खोक्यातलं पोर इमारतीएवढा रोबो होतं, खांद्यांवरून क्षेपणास्त्रं सुटतात]

खोकं कुठे गेलं ते विचारू नका. त्या पोराला मघापासून आपण असेच दिसतोय असं वाटत होतं, आता आपल्यालाही दिसलं, एवढंच.

हा ‘कॉस्च्युम क्वेस्ट’. ऑक्टोबर २०१० मध्ये आला. दुकानात त्याची डिस्क नव्हती, डबा नव्हता. १५ डॉलर भरायचे आणि कन्सोलवर उतरवून घ्यायचा. एका सुट्टीच्या दिवसात संपेल एवढाच. तरी ऑक्टोबर लागला की तो पुन्हा पहिल्यापासून खेळायला घेणारी माणसं आहेत.

[चाहत्यांनी पाठवलेलं चित्रण, एकामागून एक: घरी केलेले पोशाख, विणलेली बाहुली, रंगवलेली लाकडी माणसं]

ही ती माणसं. हा रोबो तीन खोक्यांचा आहे आणि त्याला जिना उतरता येत नाही. हे दोन डोक्यांचं बाळ लोकरीचं आहे. ते हा गेम करणाऱ्या स्टुडिओचं बोधचिन्ह. आणि हा पिवळा-नारिंगी-पांढरा त्रिकोण म्हणजे कँडी कॉर्न, हॅलोविनची गोड गोळी. २०१४ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात हा पोशाख घालून लढता येतं, म्हणजे लढाईत उभं राहता येतं. वार करायची पाळी आली की कँडी कॉर्न काहीही करत नाही. चाहत्यांचा लाडका पोशाख कोणता, हे वेगळं सांगायला नको.

[सॅन फ्रान्सिस्को, धुक्यातला पूल]

स्टुडिओचं नाव डबल फाइन. टिम शेफर यांनी २००० मध्ये लुकासआर्ट्स ही गेम कंपनी सोडून तो इथे काढला. पहिला गेम ‘सायकोनॉट्स’, २००५ चा. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, दुकानांत पडून राहिला. दुसरा ‘ब्रूटल लेजेंड’, २००९ चा. हेवी मेटल संगीत, राक्षस, कुऱ्हाड आणि अभिनेता जॅक ब्लॅकचा आवाज. त्याच्याविषयी इथे एवढंच. मोठ्या गेमांविषयी बोलायला जाहिराती असतात.

आपल्याला हवाय तो त्या दोघांच्या मधला एक पंधरवडा.

[पाटी, त्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या, मग प्रोटोटाइपचं ओबडधोबड चित्रण]

२००७ साल. ‘ब्रूटल लेजेंड’चं काम लांबत चाललेलं. एकच गेम, तीच कुऱ्हाड, वर्षानुवर्षं. हाँगकाँगचे दिग्दर्शक वाँग कार-वाई यांनी एका रखडलेल्या चित्रपटाच्या मधल्या खंडात दुसरा, छोटा चित्रपट झटपट करून टाकला होता. शेफरना ते आठवलं. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, हातातलं काम दोन आठवडे विसरा. चार गट पाडले. प्रत्येक गटाने पंधरा दिवसांत एक गेम करायचा, आणि तो खेळून दाखवता आला पाहिजे. या प्रकाराचं नाव पडलं ‘अ‍ॅम्नेशिया फोर्टनाइट’, म्हणजे विसरण्याचा पंधरवडा.

आता हे जरा नीट बघा, कारण चाहते ज्याला डबल फाइनपणा म्हणतात तो इथे सापडतो. दोन आठवड्यांत सुंदर काही होत नाही. पात्रांच्या जागी ठोकळे येतात. आवाज हवा असेल तर शेजारच्या टेबलावरच्या माणसाला उठवायचं. नियम लिहायला वेळ नसतो, म्हणून एकच नियम उरतो, आणि तो चांगला असला तर ठोकळ्यांतसुद्धा मजा येते. वाईट असला तर दोनच आठवडे गेलेले असतात. मोठ्या गेममध्ये ही गोष्ट कळायला तीन वर्षं लागतात, आणि तोवर ती सांगायची कुणाची हिंमत राहत नाही.

हा पंधरवडा पुढेही पाळला गेला. हे कच्चे नमुने, म्हणजे प्रोटोटाइप, साठत गेले, फडताळातल्या लोणच्याच्या बरण्यांसारखे. लगेच कुणाला नको होते, पण मुरत होते.

मग ‘ब्रूटल लेजेंड’ बाजारात आला. दुसऱ्या भागाचं काम सुरू झालं आणि प्रकाशक इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ते रद्द केलं. स्टुडिओत माणसं होती, काम नव्हतं. बरण्या खाली काढल्या गेल्या.

एका मोठ्या गेमऐवजी अनेक छोटे, आणि प्रत्येकाचा प्रमुख वेगळा. ‘कॉस्च्युम क्वेस्ट’ ताशा हॅरिस यांच्याकडे. त्या पिक्सारमधून आलेल्या अ‍ॅनिमेटर. ‘स्टॅकिंग’ कलादिग्दर्शक ली पेटी यांच्याकडे. ‘ट्रेंच्ड’ ब्रॅड म्युर यांच्याकडे. ज्यांची नावं एरवी श्रेयनामावलीच्या मध्यावर कुठेतरी गेली असती, त्यांच्या डोक्यातले गेम लोक विकत घेऊ लागले. माझ्या मते या स्टुडिओने केलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

[‘स्टॅकिंग’: रेल्वे स्थानक, लाकडी बाहुल्यांची गर्दी]

आवाज थोडा वाढवा. पियानो आहे, पण बोलणारं कुणी नाही. मूकपटासारख्या पाट्या येतात, त्या वाचायच्या.

फेब्रुवारी २०११, ‘स्टॅकिंग’. इथे प्रत्येक माणूस म्हणजे एकात एक बसणारी रशियन बाहुली. नायक चार्ली ब्लॅकमोर सगळ्यांत लहान, धुराडी साफ करणाऱ्यांच्या घरातला. वडील बेपत्ता, कर्जापायी भावंडांना कामाला उचलून नेलेलं. चार्लीला एकच येतं. आपल्याहून एका मापाने मोठ्या बाहुलीच्या पाठीमागून जायचं आणि टुणकन आत शिरायचं. मग तिची कला आपली. तिच्यातून आणखी मोठीत.

[प्रतिष्ठितांचा कक्ष, दारात पहारेकरी]

या कक्षात जायचंय, दारात पहारा आहे. एखाद्या देखण्या बाईत शिरून पहारेकऱ्याला भुलवता येतं. नाहीतर पोटात वायू धरलेला हा गृहस्थ पाहा. त्याला झरोक्यापाशी न्यायचं आणि त्याची कला दाखवायची.

[प्रतिष्ठित मंडळी नाक धरून बाहेर पळतात]

प्रत्येक कोड्याला असे अनेक मार्ग. एक सापडला की गोष्ट पुढे सरकते, पण चाहता पुढे जातच नाही. तो परत येतो आणि दुसरा शोधतो, मग तिसरा. गेम लहान होता, अशी तक्रार तेव्हा काहींनी केली. त्यांनी बहुधा एकच दार वापरलं.

[चाहतीचं टेबल: कोऱ्या लाकडी बाहुल्या, बारीक कुंचला]

या कोऱ्या बाहुल्या हस्तकलेच्या सामानात मिळतात. चार्लीचा चेहरा सगळ्यात शेवटी रंगवायचा, असं या सांगतात.

[‘ट्रेंच्ड’: चालणारे खंदक, गोळीबार]

त्याच वर्षी जूनमध्ये ‘ट्रेंच्ड’. पहिल्या महायुद्धानंतरचे सैनिक आणि पाय फुटलेले खंदक. शत्रू म्हणजे दूरचित्रवाणीतून निपजलेली फौज. युरोपात नावाच्या ट्रेडमार्कवरून अडचण आली आणि गेम ‘आयर्न ब्रिगेड’ झाला. चित्रण फारसं नाही, पण खंदकांची चाल बघण्यासारखी.

[किकस्टार्टरचं पान, आकडा वर चढतो]

फेब्रुवारी २०१२. शेफरनी आता प्रकाशकाऐवजी किकस्टार्टर या संकेतस्थळावर थेट लोकांकडे पैसे मागितले, लुकासआर्ट्स करायची तसल्या एका जुन्या धाटणीच्या अ‍ॅडव्हेंचर गेमसाठी. मागणी ४ लाख डॉलरची. पहिल्या चोवीस तासांतच आकडा १० लाखांच्या पुढे गेला. शेवटी ८७ हजारांहून अधिक लोकांनी मिळून ३३ लाख डॉलर दिले. जुन्या लुकासआर्ट्सच्या आठवणींनी हे घडलं असं म्हणतात. असेलही. पण त्याआधीचं जवळपास दीड वर्ष हा स्टुडिओ दर काही महिन्यांनी पंधरा डॉलरला काहीतरी वेडं हातात ठेवत होता, हे त्या म्हणण्यात येत नाही.

त्याच वर्षी पंधरवड्याचं दारही उघडलं. एक डॉलर किंवा जास्त द्या आणि कोणत्या कल्पनेचा प्रोटोटाइप व्हावा यावर मत द्या. काम चालू असताना कॅमेरे समोर.

[‘हॅक अँड स्लॅश’: नायिका तलवार खुपसते, शत्रूचे आकडे उघडतात]

हा त्यातलाच एक. यूएसबीची तलवार. शत्रूला मारायचं नाही, त्याच्यात खुपसून त्याचे आकडे बदलायचे.

त्याच मतदानातून आलेला ‘स्पेसबेस डीएफ-९’ अर्ध्या वचनांवर थांबला आणि आधीच पैसे भरलेले चाहते चिडले. २०१४ मध्ये काही जणांच्या नोकऱ्या गेल्या. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्टुडिओ विकत घेतला.

[चालणारं दीपगृह, वर घिरट्या घालणारा पक्षी]

ऑक्टोबर २०२५. ‘कीपर’. एक दीपगृह उठून चालू लागतं आणि एक पक्षी त्याच्या सोबतीला येतो. दिग्दर्शक ली पेटी. संवाद एकही नाही.